पाचवा इअरफोन घेण्याआधी

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना घसरलेली दोन-चार वाक्यं तेवढी सरळ केली आहेत, बाकी जसं बोललो तसंच.)

हा भाग ऐकताना तुमच्या कानात जे काही अडकवलेलं आहे ना, आज त्याच्याबद्दलच बोलायचंय.

झालं असं, की गेल्या आठवड्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. मुलगा पुण्यात राहतो, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, दिवसभर अभ्यासिकेत असतो. तो म्हणतो, "दादा, दीड वर्षात माझे चार इअरफोन गेले, आता हा पाचवापण एका बाजूने बंद पडलाय. दिवसाला सहा तास लेक्चर ऐकतो. हजार-बाराशेच्या आत एखादा दणकट सांग ना." आणि मग शेवटी, जाता जाता, "रात्री झोपताना कानात बारीक शिट्टी वाजल्यासारखं होतं, पण ते असू दे. तू इअरफोनचं सांग."

मी तो मेसेज दोनदा ऐकला. त्या शेवटच्या वाक्यावर मी येणार आहे, विसरलेलो नाही. पण आधी इअरफोन. कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. "हजारच्या आत कुठला घेऊ?" हा मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि दर वेळी मी एखादं मॉडेल सांगून मोकळा व्हायचो. ते चुकत होतं. मॉडेल सहा महिन्यांत बदलतात. निवडायचं कसं ते कळलं, तर पुढच्या वेळी मला विचारायची गरजच पडणार नाही.

हिशोब महिन्याचा करा

मी त्या मुलाला उलट विचारलं, पाचही मिळून किती गेले? त्याने आठवून आठवून बेरीज केली. साडेचारशे, पाचशे, चारशे असं करत एकूण २,२५० रुपये. दीड वर्ष म्हणजे १८ महिने. २,२५० भागिले १८. महिन्याला १२५ रुपये.

म्हणजे ज्याला वाटतंय की आपलं बजेट हजार आहे, त्याने सव्वादोन हजार ऑलरेडी खर्च केलेत. फक्त ते हप्त्याहप्त्याने गेले, म्हणून टोचले नाहीत. तो स्वस्तातला इअरफोन घेत नव्हता, तो १२५ रुपये महिन्याने भाड्याने घेत होता!

म्हणून माझा पहिला नियम. किंमत बघू नका, किंमत भागिले महिने बघा. पाचशेचा चार महिने टिकला, तर महिन्याला १२५. बाराशेचा घेतला, त्याला वर्षातून एकदा तीनशेची नवी वायर लावली आणि तो तीन वर्षं चालवला, तर बाराशे अधिक दोन वायरींचे सहाशे, एकूण अठराशे. भागिले ३६ महिने. महिन्याला पन्नास रुपये. आणि ऐकायला कितीतरी बरा.

आता तुम्ही म्हणाल, पण तो तीन वर्षं टिकेल हे दुकानात उभं राहून कसं ओळखायचं? त्यासाठी आधी हे बघायला हवं, की इअरफोन मरतात कशाने.

खणातले सात मेलेले

माझ्या टेबलाच्या खणात सात जुने इअरफोन पडून होते. तुमच्याकडेही असतीलच, मराठी घरात वस्तू टाकून देत नाहीत. "राहू दे, कधीतरी लागेल." तर एका रविवारी मी सगळे बाहेर काढले आणि एकेकाचं पोस्टमॉर्टेम केलं.

दोन गेले होते पिनेपाशी. म्हणजे फोनमध्ये जी खुपसतो ती पिन आणि वायर जिथे जुळतात, तिथे. एक गेला होता वायर कानातल्या तुकड्यात शिरते त्या तोंडाशी. एका वायरलेस जोडीतला डावा बड हरवलेला. दुसऱ्या वायरलेसची बॅटरी चाळीस मिनिटांत मान टाकणारी. एका मोठ्या हेडफोनची डोक्यावरची पट्टी बिजागरीपाशी चिरलेली. आणि सातवा, ज्याची एक बाजू 'गेली' म्हणून मी तो ठेवून दिला होता, तो मेलेलाच नव्हता! त्याच्या जाळीत मळ बसला होता. कोरड्या मऊ ब्रशने, जाळी खाली धरून साफ केली, आणि पठ्ठ्या वाजायला लागला.

आता यात काय दिसतं बघा. आवाज निर्माण करणारा जो आतला भाग असतो, ड्रायव्हर, तो सातपैकी एकाचाही बिघडला नव्हता. आपण मात्र विकत घेताना सगळी चर्चा त्या ड्रायव्हरची करतो. दहा मिलिमीटर की तेरा मिलिमीटर, बेस किती, ट्रेबल किती. आणि मरतं काय? वायर, पिन, बॅटरी, बिजागरी. आवाजाचा भाग जिवंत असतानाच आपण अख्खी वस्तू कचऱ्यात टाकतो.

वायर का तुटते? आत केसासारख्या बारीक तांब्याच्या तारा असतात. त्या एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकल्या की थकतात आणि एकेक करून तुटतात. पेपरक्लिप उघडझाप करून तोडतो ना आपण, तसंच. खिशात फोन, त्याला लावलेली सरळ पिन, आणि आपण बसतो-उठतो. प्रत्येक वेळी वाकायची जागा तीच. वर फोनभोवती वायर करकचून गुंडाळायची सवय. मग चार महिने टिकला तरी खूप झालं.

आणि बॅटरीचं? लिथियम-आयन बॅटरी साधारण तीनशे ते पाचशे पूर्ण चार्जनंतर कमी व्हायला लागते, मूळ क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास येते. आता आपल्या या मित्राचा हिशोब लावा. एका चार्जवर बड पाच-सहा तास चालतो आणि हा रोज सहा तास ऐकतो. म्हणजे रोज एक पूर्ण चार्ज खर्च. पाचशे चार्ज म्हणजे दीड वर्ष. तुमच्या फोनमध्ये पाच हजार एमएएचची बॅटरी असते, या छोट्या बडमध्ये साधारण तीस ते साठची. इवलीशी. ती घटली की लगेच जाणवतं. आणि बहुतेक बड गोंदाने चिकटवून बंद केलेले असतात, गल्लीतला दुरुस्तीवाला ते उघडायला तयार होत नाही. तो रोज अर्धा तास ऐकणाऱ्यासाठी चांगला सौदा असू शकतो. रोज सहा तासवाल्यासाठी नाही.

खोक्यावरचं काय वाचायचं, काय सोडायचं

दुकानात गेलात की खोका तुमच्याशी बोलायला लागतो. त्याचं सगळं ऐकू नका.

ड्रायव्हरचा आकार सोडून द्या. मोठा म्हणजे चांगला असं काही नसतं. 'वीस हर्ट्झ ते वीस हजार हर्ट्झ' हेही सोडा, माणसाचा कान साधारण तेवढंच ऐकतो म्हणून सगळेच ते छापतात. 'चाळीस तास प्लेटाइम' लिहिलं असेल तर खालचं बारीक वाचा, ते बहुतेक वेळा डबीसकट असतं. बड एकटा किती तास चालतो, तो आकडा तुमचा.

आता एक गंमत, जिथे खूप जण फसतात. ईएनसी आणि एएनसी. दिसायला एका अक्षराचा फरक. ईएनसी म्हणजे तुमच्या माइकमधला गोंगाट कमी करणं. त्याचा फायदा फोनवर समोर जो आहे त्याला. तुमच्या कानात येणारा गोंगाट त्याने एक टक्काही कमी होत नाही. एएनसी हे तुमच्या कानासाठी. तेही पंख्याची घरघर, बसच्या इंजिनाची धडधड असे खालचे, एकसुरी आवाज चांगले कापतं. शेजारी दोघं गप्पा मारत असतील तर त्या बऱ्यापैकी ऐकू येतातच. त्यामुळे खोक्यावर मोठ्या अक्षरात 'नॉइज कॅन्सलेशन' दिसलं की नेमकं कुठलं, हे विचारा.

पाण्याबद्दल 'आयपीएक्स ४' म्हणजे कुठूनही उडालेले शिंतोडे चालतील. मुंबईच्या पावसात चिंब भिजणं वेगळं. 'आयपीएक्स ७' म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पण ही चाचणी नव्या तुकड्यावर, साध्या पाण्यात होते. आपल्या घामात मीठ असतं, आणि वर्षभराने आतलं रबर पहिल्यासारखं राहत नाही. म्हणून तो आकडा म्हणजे विमा नव्हे.

मग वाचायचं काय? वायरवाला असेल तर एक, इम्पीडन्स. सोळा ते बत्तीस ओहमच्या आसपास असेल तर फोनवर निवांत वाजतो. दोन, वॉरंटी किती महिने, आणि महत्त्वाचं, ती मिळते कशी. सर्व्हिस सेंटर तुमच्या शहरात आहे का, की कुरिअर करायचं? तीन, वायरलेस असेल तर बीआयएसचा नोंदणी क्रमांक. भारतात वायरलेस इअरफोनला ही नोंदणी बंधनकारक आहे. 'आर' अक्षरापासून सुरू होणारा क्रमांक खोक्यावर किंवा वस्तूवर असतो. 'बीआयएस केअर' नावाच्या ॲपमध्ये तो टाकला की कंपनी आणि वस्तू दिसते. शेवटी त्यात लिथियम बॅटरी आहे आणि ती तुम्ही कानात घालताय. दोन मिनिटं खर्च करा.

हातात घेऊन काय बघायचं

पहिलं म्हणजे वायर सुटी होते का? ही आजच्या भागातली सगळ्यात कामाची गोष्ट.

कानातला तुकडा आणि वायर वेगळी होते अशी रचना आधी गाणारे-वाजवणारे स्टेजवर वापरायचे त्या महागड्या इअरफोनमध्ये असायची. गेल्या काही वर्षांत केझेड, सीसीए, मूनड्रॉप अशा चिनी कंपन्यांनी ती हजार-दोन हजारांत आणली. वायर तुटली तर फक्त वायर बदला, कानातला तुकडा तोच. पण दोन गोष्टी जपा. या कंपन्यांचं प्रत्येक मॉडेल तसं नसतं, फोटोत नाही, वर्णनात बघा. आणि जोडाचे प्रकार वेगवेगळे आहेत. दोन पिनवाला असतो, त्यातही जाडीचा फरक असतो, आणि एमएमसीएक्स नावाचा गोल बटणासारखा असतो. नवी वायर मागवताना आपला प्रकार बघून मागवा, नाहीतर घरी येऊन बसणार नाही.

या इअरफोनची वायर कानावरून मागे वळवून घालायची असते. पहिले दोन दिवस विचित्र वाटतं. पण त्यामुळे वायर ओढली गेली तर झटका कानाच्या वळणावर जातो, जोडावर नाही. आणि वायर शर्टाला घासल्याचा खरखर आवाजही कमी येतो.

दुसरं, पिन. काटकोनात वळलेली पिन खिशात कमी वाकते. पिनेच्या मागे रबराची लवचीक शेपटी आहे का बघा. वायर थेट कडक प्लास्टिकमधून बाहेर येत असेल तर तिथेच ती तुटणार, लिहून घ्या.

तिसरं, तुमच्या फोनला भोक आहे का? हसू नका. २०१६ मध्ये आयफोन ७ मधून ३.५ मिलिमीटरचं भोक गेलं आणि मग बाकीच्यांनीही ते काढत नेलं. नसेल तर टाइप-सीला लावायचा छोटा कन्व्हर्टर लागेल. घेताना 'डॅक' असलेला घ्या, म्हणजे ज्यात आवाजाची चिप आतच असते तो. बिनचिपचा स्वस्त कन्व्हर्टर काही फोनवर चालतो, काहींवर ढिम्म. हे दोन-चारशे रुपये बजेटमध्ये आधीच धरा.

चौथं, मोठा हेडफोन घेणार असाल तर बिजागरी आणि कानाची गादी. आपल्याकडच्या दमट हवेत, विशेषतः मुंबई-कोकणात, खोट्या चामड्याचे पोपडे वर्ष-दोन वर्षांत निघतात. गादी ओढून काढता येते का आणि सुटी विकत मिळते का, एवढं विचारा. सेनहायझरचा एचडी २५ हा हेडफोन १९८८ पासून बाजारात आहे. डीजे आणि रेकॉर्डिंगवाले अजून तो वापरतात, कारण त्याचा जवळजवळ प्रत्येक भाग सुटा मिळतो आणि बदलता येतो. तो आपल्या बजेटमधला नाही. पण वस्तू टिकते म्हणजे ती तुटत नाही असं नाही, तुटल्यावर जोडता येते, हे त्याच्याकडून शिकायचं.

मग वायरलेस घ्यायचाच नाही का?

असं मी म्हणत नाहीये. माझ्याकडेही आहे. पण आपलं काम बघून घ्या.

दिवसाचे चार-सहा तास एका जागी बसून ऐकता, तर वायरवाला. बॅटरीची कटकट नाही, चार्ज संपला म्हणून लेक्चर थांबत नाही. गेम खेळणाऱ्यांनीही वायरच घ्यावी, ब्लूटूथमध्ये आवाज थोडा उशिरा पोचतो.

व्यायाम, घरकाम, फोनवर सतत बोलणं, तर वायरलेस. त्यातही टिकाऊपणा हवा असेल तर नेकबँड. दिसायला थोडा जुना वाटेल, पण बॅटरी बडपेक्षा मोठी असते, एक बाजू हरवायची भीती नाही, आणि बॅटरी गेली तर बरेच दुरुस्तीवाले ती बदलून देतात. डिलिव्हरीवाली मुलं, सिक्युरिटीवाले काका यांच्या गळ्यात नेकबँडच का दिसतो? दिवसभर वापरणाऱ्यांनी आपला हिशोब आधीच केलेला आहे.

आणि टू-व्हीलरवर, रस्ता किंवा रूळ ओलांडताना, दोन्हीपैकी काहीच नको. हे लांबवत नाही, तुम्ही शहाणे आहात.

घरी आणल्यावर पहिली दहा मिनिटं

तुम्ही पुण्यात तपकीर गल्लीत घ्या, मुंबईत लॅमिंग्टन रोडला घ्या, नाहीतर ऑनलाइन मागवा. बिल घ्या. "बिल नको, पन्नास कमी करतो" याला भुलू नका, ते पन्नास रुपये तुमच्या वॉरंटीची किंमत आहे. परत करायची मुदत किती दिवस आहे ते बघा आणि पहिल्याच दिवशी चाचणी उरका.

यूट्यूबवर 'लेफ्ट राइट टेस्ट' लावा, डावा डाव्यात, उजवा उजव्यात येतो का. मग कोणी नुसतं बोलतंय असं काहीतरी लावा, बातम्या चालतील. बोलणाऱ्याचा आवाज डोक्याच्या बरोबर मधोमध वाटला पाहिजे. एका बाजूला झुकत असेल तर दोन्ही बाजू सारख्या नाहीत. गाणं चालू ठेवून पिनेपाशी वायर हलकेच हलवा, खरखर किंवा तुटक आवाज आला तर लगेच परत. एक व्हॉइस नोट रेकॉर्ड करून माइक ऐका. आणि सोबत जे तीन मापांचे रबर मिळतात ना, ते तिन्ही घालून बघा. आपण पाकीट न उघडताच फेकतो. दोन्ही कानांचं माप वेगळंही असू शकतं. माझं आहे.

दुकानदार किंवा कंपनी वॉरंटीत टाळाटाळ करत असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. माझ्या त्या बॅटरी गेलेल्या जोडीच्या वेळी मला एका सर्व्हिस सेंटरने तीन चकरा मारायला लावल्या होत्या, तेव्हा हा नंबर मला माहीत नव्हता. तुम्हाला आता माहीत आहे.

सवयी चारच

वायर फोनभोवती गुंडाळू नका, सैल वेटोळं करून छोट्या डबीत ठेवा. जुनी चष्म्याची डबीही चालते. पिन काढताना पिन धरा, वायर ओढू नका. वायरलेस बड घामाने ओले असतील तर पुसून मगच डबीत ठेवा, नाहीतर चार्जिंगच्या टिकल्यांवर गंज चढतो आणि आपल्याला वाटतं बॅटरी गेली. आणि आठवड्यातून एकदा जाळीवरून कोरडा ब्रश.

एवढं करूनही पिन गेलीच, तर लगेच नवा घेऊ नका. नवी पिन काही रुपयांत मिळते, आणि मोबाइल दुरुस्तीवाला थोड्या मजुरीत सोल्डर मारून देतो. स्वतः करणार असाल तर एकच सांगतो. त्या बारीक तारांवर रंगीत लाखेचा थर असतो. तो आधी जाळून काढला नाही तर सोल्डर चिकटतच नाही, आणि आपण म्हणतो "होत नाही बुवा". बहुतेक वेळा लाल तार उजवीची, हिरवी किंवा निळी डावीची, आणि तांब्याच्या रंगाची सामाईक. जुन्या, मेलेल्या इअरफोनवर आधी हात बसवा.

दुरुस्ती होईपर्यंत एकच बाजू चालू असेल, तर फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' असतं. ते चालू केलं की दोन्ही बाजूंचा आवाज एका कानात येतो. दोन-चार दिवस निभतात.

आता ते शेवटचं वाक्य

"रात्री कानात शिट्टी वाजल्यासारखं होतं, पण ते असू दे."

मित्रा, ते असू द्यायचं नाही.

पूर्ण भागभर आपण बदलता येणाऱ्या भागांबद्दल बोललो. वायर बदलते, पिन बदलते, गादी बदलते. कानाच्या आत, शंखासारख्या गोल नळीत, आवाज पकडणाऱ्या बारीक केसांसारख्या पेशी असतात. त्या मेल्या की माणसात परत उगवत नाहीत. त्याचं स्पेअर पार्ट तपकीर गल्लीत मिळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा आहे. ८० डेसिबल आवाजात मोठ्या माणसाने आठवड्याला ४० तास ऐकलं तर चालतं. आवाज ९० डेसिबलला नेला, तर आठवड्याला फक्त चार तास. आता तुझं बघ. रोज सहा तास, सात दिवस, म्हणजे ४२ तास. म्हणजे आवाज ८० वर ठेवलास तरी तुझा आठवड्याचा कोटा संपलेला आहे. आणि तू ९० वर ऐकत असशील, तर आठवडाभराचा कोटा पहिल्या दिवशी दुपारपर्यंतच संपतो.

आणि आवाज का वाढवला जातो ते मी सांगतो. अभ्यासिकेत पंखा घरघरतोय, बाहेर रस्ता आहे, लेक्चर कुणीतरी लांबच्या माइकवर रेकॉर्ड केलंय. त्यात तुझा इअरफोन कानात नीट बसत नाही, बाहेरचा सगळा आवाज आत येतो. मग तू पंख्यावर मात करायला व्हॉल्यूम वाढवतोस. दर चार महिन्यांनी नवा इअरफोन घेताना तू पैसे घालवलेस ते एक, पण नीट न बसणाऱ्या त्या प्रत्येक इअरफोनने तुझ्याकडून आवाजही वाढवून घेतला.

म्हणून रबराचं माप, म्हणून कानात घट्ट बसणारा इअरफोन. बाहेरचं आपोआप कमी झालं की व्हॉल्यूम स्वतःहून खाली येतो. फोनचा आवाज साठ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही, हा सोपा नियम. आयफोनमध्ये हेल्थ ॲपमध्ये तुम्ही किती मोठ्याने ऐकता याची नोंद दिसते, काही अँड्रॉइड फोनमध्ये व्हॉल्यूमला मर्यादा घालता येते. तासाभराने दहा मिनिटं कान मोकळे ठेवायचे. लेक्चरची नोट्स किंवा पीडीएफ असेल तर ते सहा तासांतले दोन तास वाचून काढायचे. संध्याकाळी मन रमवायला गाणी लावतोस, ती स्पीकरवर, हळू आवाजात.

आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. या महिन्यात. कधी कधी नुसता मळही असतो आणि दहा मिनिटांत सुटका होते. नसेल, तर लवकर कळलेलं बरं. पाचव्या इअरफोनचे पैसे असतील तर ते आधी तिकडे खर्च कर.

तर काय घ्यायचं?

तुझ्यासाठी माझं उत्तर. हजार ते बाराशेत, सुटी होणाऱ्या वायरचा, कानावरून घालायचा, माइक असलेला, काटकोनी पिनेचा वायरवाला इअरफोन. फोनला भोक नसेल तर चिपवाला कन्व्हर्टर. सोबतचे तिन्ही रबर घालून बघायचे. आणि वर्षभरात वायर गेली तर फक्त वायर मागवायची. पुढच्या दीड वर्षात मला सहाव्या इअरफोनचा मेसेज आला, तर मी तुला फोन करून ओरडणार आहे!

बाकीच्यांनो, आज घरी गेलात की खण उघडा. जुने इअरफोन बाहेर काढा, आधी जाळी साफ करा, मग पिन हलवून बघा. एखादा तरी जिवंत निघेल. जे खरंच गेले असतील, विशेषतः बॅटरीवाले, ते ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

आणि हा भाग संपला की पुढचा लगेच लावू नका. दहा मिनिटं कान मोकळे ठेवा. पुढचा भाग कुठे पळून जात नाही.

भेटू. काळजी घ्या.